इथे पाणी आढळलं नाही

स्क्रीनवर एक ओळ आली : ‘निवडलेल्या शेतालगत जलस्रोत आढळला नाही. फवारणी करता येईल.’

ती ओळ मीच कोडमध्ये टाइप केली होती. आमच्या टीमकडे तेव्हा ड्रोननं फवारणी करणाऱ्यांसाठीच्या एका अ‍ॅपचं काम होतं. नकाशावर शेताच्या कडा आखायच्या, मग अ‍ॅप ड्रोनचा मार्ग काढून देतं आणि जवळ नदी किंवा तलाव असेल तर तेवढा पट्टा वगळतं. टेस्टिंगसाठी कुठलंही एक शेत हवं होतं. नकाशा सरकवत सरकवत माझा हात सवयीनं मोखाड्याकडे गेला, कारण माझं लहानपण तिथलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आधी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर, मग जव्हारला. पाड्याच्या खालच्या अंगाला उतारावर एकाखाली एक भातखाचरं आहेत. त्यातलं एक मी निवडलं आणि अ‍ॅपनं सांगितलं, इथे पाणी नाही.

त्या खाचरात गुडघाभर पाण्यात उभं राहून मी मासे धरले आहेत.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की ओहोळांना लोंढा येतो आणि खालच्या नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. ओहोळातून चरात, चरातून बांध ओलांडून भातखाचरात. याला वलगण म्हणतात. त्या रात्री पाड्यावर कुणी झोपत नाही. शेजारच्या मावशी मला हाताला धरून न्यायच्या, दुसऱ्या हातात बॅटरी. मासे हाती लागले नाहीत तर खेकडे लागायचेच. आवणी झाल्यावर, म्हणजे भाताची लावणी उरकल्यावर, पुढचे दोन महिने घरात धान्य कमी आणि काम जास्त, तेव्हा त्या खाचरातले खेकडे आणि बोटाएवढे मासे हेच बहुतेक घरांचं कालवण असायचं.

अ‍ॅपची चूक नव्हती. आम्ही वापरलेल्या नकाशात वैतरणा होती, तिच्यावरची धरणं होती, ठरावीक रुंदीपेक्षा मोठे ओढे होते. पावसाळ्यात चार महिने वाहणारा ओहोळ त्यात नव्हता. भातखाचर तर ‘शेतजमीन’ याच रंगात होतं. मी नोंद केली की स्थानिक पाण्याची माहिती अपुरी आहे. वरून उत्तर आलं की सध्याच्या आवृत्तीत हे बसत नाही. मी नोंदीवर ‘अपेक्षेप्रमाणे काम करते’ असा शेरा मारून ती बंद केली. शुक्रवार होता, मला घरी जायचं होतं.

नंतर कितीतरी दिवस ते ‘अपेक्षेप्रमाणे’ डोक्यातून जाईना. कोणाच्या अपेक्षेप्रमाणे?

मग मी वाचायला लागलो. आमच्या अ‍ॅपमध्ये फवारायच्या द्रव्यांची जी यादी होती, तिच्यात नॅनो खतं होती. इफ्कोनं २०२१ साली द्रवरूप नॅनो युरिया आणला, २०२३ मध्ये नॅनो डीएपी आला, त्यानंतर नॅनो झिंक आणि नॅनो कॉपरलाही मंजुरी मिळाली. २०२३ सालीच ‘नमो ड्रोन दीदी’ योजना जाहीर झाली, महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायची. म्हणजे बाटली आणि ड्रोन दोन्ही एकाच वेळी खेड्याकडे निघाले आहेत. युरिया हा काही धातू नव्हे, त्याची गोष्ट वेगळी. मला अडवलं ते झिंक आणि कॉपरनं. कारण पाण्यातल्या बारक्या जिवांवर ज्या नॅनोकणांचे प्रयोग सर्वांत जास्त झाले आहेत, त्यात झिंक ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड आणि टायटेनियम डायऑक्साइड ही धातूंची ऑक्साइडं पुढे आहेत. झिंक आणि टायटेनियमची ऑक्साइडं आपल्या सनस्क्रीनमध्येही असतात. दाभोसा धबधब्याखाली मी मित्रांबरोबर डुंबलोय, तेव्हा तोंडाला काय फासलं होतं ते आठवतंय.

नॅनो म्हणजे किती लहान, हे आकड्यांनी डोक्यात शिरत नाही. म्हणून गावाकडचं माप घेऊ. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा एक खडा घ्या. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, बोटाच्या पेरापेक्षा थोडा जास्त. आता तोच खडा दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांत फोडा. वजन तेवढंच राहील. पण सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होईल सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. पदार्थ पाण्याला भिडतो तो पृष्ठभागानं. एका खड्याएवढ्या पदार्थाला सहा गुंठ्यांचं अंग मिळालं की तो वेगळा वागणारच. म्हणूनच तो पिकाला चटकन लागतो आणि म्हणूनच त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं.

हे पाहणं ज्यांच्या जिवावर चालतं, त्यातला एक प्राणी डॅफ्निया. गोड्या पाण्यातला, खेकड्या-कोळंबीचा दूरचा नातेवाईक, दोन-चार मिलिमीटरचा. टुणटुण उड्या मारत पोहतो म्हणून इंग्रजीत त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. अंग पारदर्शक, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं हृदय धडधडताना दिसतं. अकरावीत जव्हारच्या एका ओळखीच्या सरांनी डबक्यातल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून मला ते दाखवलं होतं. एवढ्याशा जिवाला हृदय असतं आणि ते आपल्याला बाहेरून दिसतं, याचा मला धक्का बसला होता. डॅफ्निया पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातो. पाण्यातून जे कण येतील ते पोटात घेतो, चांगलं-वाईट निवडायची सोय त्याच्याकडे नाही. आणि त्याला बारके मासे खातात.

एस्टोनियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीन धातूंची ऑक्साइडं घेतली, प्रत्येकाची साधी भुकटी आणि नॅनो भुकटी, आणि ती पाण्यातल्या जिवांवर तपासली. कॉपर ऑक्साइडच्या साध्या भुकटीचा अर्ध्या डॅफ्नियांवर परिणाम व्हायला लिटरला सुमारे १६५ मिलिग्रॅम लागले. नॅनो भुकटीचे ३.२ मिलिग्रॅम पुरले. रासायनिक नाव तेच, सूत्र तेच, घातकपणात पन्नास पटींचा फरक. झिंकचं निराळंच निघालं. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळतं आणि मुख्य इजा त्या विरघळलेल्या झिंकमुळे होते, त्यामुळे साधी आणि नॅनो भुकटी यांत फारसा फरक पडला नाही. पण दोन्ही घातक. परी-कोळंबी म्हणून डबक्यातला एक नाजूक जीव असतो, तिच्या एका जातीला लिटरमागे ०.१८ मिलिग्रॅम नॅनो झिंक ऑक्साइड पुरलं. परी-कोळंबीची अंडी सुकलेल्या चिखलात महिनोन्‌महिने पडून राहतात आणि पाऊस आला की फुटतात. आपल्या सह्याद्रीतही तिच्या जाती आहेत. एकीचं तर शास्त्रीय नावच सह्याद्रीवरून ठेवलेलं आहे.

टायटेनियम डायऑक्साइड मात्र निर्दोष सुटलं. लिटरला २० ग्रॅम टाकूनही काही झालं नाही.

इथे माझ्यातला टेस्टर जागा झाला. तपासणी कशी करतात? डॅफ्नियाची प्रमाणित तत्काळ चाचणी अशी असते. चोवीस तासांच्या आतली पिल्लं घ्यायची. पाण्यात पदार्थ मिसळायचा. ४८ तास थांबायचं. मग भांडं हळूच हलवायचं आणि पंधरा सेकंदांत जे पोहलं नाही ते ‘अचल’ म्हणून मोजायचं. जगभर हीच पद्धत आहे. तिच्यामुळे टोकियोतला आकडा पुण्यातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो, आणि हा फायदा लहान नाही.

२०११ मध्ये जर्मनीतल्या काही संशोधकांनी एवढंच केलं की ४८ तासांवर घड्याळ थांबवलं नाही. टायटेनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांत डॅफ्निया ठेवले आणि ९६ तासांपर्यंत वाट पाहिली. ४८ तासांना सगळं ठीक होतं. ७२ तासांना ठीक नव्हतं. ९६ तासांना लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी कण अर्ध्या डॅफ्नियांना पुरले. कारण काय, तर हे कण त्यांच्या अंगावर थर करून बसतात. डॅफ्नियाला वाढायचं तर खेकड्यासारखी कात टाकावी लागते. पहिली कात साधारण ३६ तासांनी पडली, ती ९० टक्के पिल्लांनी टाकली. दुसरी कात जेमतेम १० टक्क्यांना टाकता आली. बाकीची स्वतःच्याच कातडीत अडकली.

दुसरी कात ४८ तासांनंतर येते. चाचणी त्याच्या आधी संपते.

यात कुणी खोटं बोललं नाही. २० ग्रॅम टाकूनही मेले नाहीत, हे खरंच होतं. कण वेगळे, भांडी वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या, हेही मान्य. एकवीस दिवसांची लांब चाचणीही उपलब्ध असते, पण ती महाग आणि वेळखाऊ. म्हणून जगाच्या बहुतेक निर्णयांआधी छोटी चाचणी होते. माझा मुद्दा इतकाच आहे की ‘अपाय आढळला नाही’ या वाक्यात एक माणूस लपलेला असतो. ४८ तास पुरेत, असं ठरवणारा. ठरावीक रुंदीपेक्षा मोठा तोच ओढा, असं ठरवणारा. ‘आढळला नाही’ म्हटलं की तो माणूस वाक्यातून गायब होतो. जणू आपण शोध शोध शोधलं आणि निसर्गानंच हात वर केले.

ही युक्ती मला लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण त्या भागात वाढलेल्या प्रत्येकाला ती दोन नावं माहीत असतात. पुढे कधीही अशा बातम्या आल्या की एक वाद ठरलेला : मूल कुपोषणानं गेलं की आजारानं? कागदावर कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया येतो, जुलाब येतात, जन्मतः कमी वजन येतं. तेही खोटं नसतं. शेवटच्या दोन दिवसांत त्या मुलाला न्यूमोनियाच झालेला असतो. पण त्याआधीचे दोन पावसाळे कुठल्या रकान्यात लिहायचे? घड्याळ शेवटच्या ४८ तासांवर लावलं की उपाशी राहणं दिसतच नाही.

इथवर लिहून मी थांबलो तर हा लेख सोपा होईल. वाईट कंपन्या, आंधळं सरकार, गरीब खेकडे. पण प्रश्न तेवढा सोपा नाही, आणि तो अवघड होतो तोही जव्हार-मोखाड्यातच.

मुलाला जुलाब झाले तर अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या देतात. २० मिलिग्रॅमची रोज एक, चौदा दिवस. सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००४ पासून ही शिफारस केली आहे आणि तिच्यामुळे मुलं वाचतात. एका गोळीत जेवढं झिंक असतं, तेवढं ऑक्साइडच्या रूपात शंभर लिटर पाण्यात, म्हणजे सहा-सात हंड्यांत पसरलं, तर परी-कोळंबीसाठीची ती ०.१८ची रेष ओलांडली जाते. जो धातू माझ्या पाड्यावरच्या मुलाला जगवतो, तोच डबक्यातल्या जिवाला मारतो. झिंक चांगलं की वाईट, हा प्रश्न त्यामुळे बाद. कुणासाठी, किती, कुठल्या पाण्यात, एवढंच विचारता येतं.

शिवाय भाताला झिंक लागतंच. आज साधं झिंक सल्फेट घालतात, त्याची भातासाठीची नेहमीची शिफारस हेक्टरी २५ किलो, म्हणजे गुंठ्याला पाव किलो. त्यातलं बरंच मातीत धरलं जातं, पण काही वाहूनही जातं. नॅनो फवारणीचा दावा असा की फार थोड्या मात्रेत काम होतं. शिवाय नदी-तलावांच्या पाण्यात या कणांचे जे अंदाज केले गेले आहेत ते प्रयोगशाळेतल्या प्रमाणापेक्षा बहुतेक ठिकाणी कितीतरी कमी आहेत. खऱ्या पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क असतो, क्षार असतात, ते कणांना बांधून त्यांची धार बोथट करतात. या सगळ्याचा अर्थ असा की नॅनो फवारणी खेकड्यांना आजच्या खतापेक्षा सुखाचीही ठरू शकते.

पण नदीचा हिशोब खाचराला लागू पडत नाही. एक गुंठा खाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर ते होतं पाच हजार लिटर. त्यात एक ग्रॅम झिंक ऑक्साइड पडलं तर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. त्यातलं किती पानावर राहतं, किती पावसानं खाली येतं, त्या मातीत आणि त्या पाण्यात त्याचं काय होतं, हे त्या खाचरातच मोजावं लागेल. आणि मोजायचं तर आधी तिथे पाणी आहे हे मान्य करावं लागेल.

तेच आपण करत नाही, आणि यात आमचं अ‍ॅप एकटं नाही. आपल्याकडे पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यात पाणथळ जागेची व्याख्या करताना भातखाचरं स्पष्टपणे वगळलेली आहेत. त्यालाही कारण आहे. नाहीतर प्रत्येक शेतकऱ्याला आपल्याच शेतात नांगर घालायला परवानगी मागावी लागली असती. उलट ज्या रामसर करारावर भारताची सही आहे, तो भातशेतीला मानवनिर्मित पाणथळ जागा मानतो. म्हणजे आंतरराष्ट्रीय बैठकीत ते पाणी आहे, आपल्या नियमांत ते शेत आहे आणि मावशींच्या घरी ते कालवण आहे.

आता खरा नैतिक प्रश्न. डॅफ्निया किंवा परी-कोळंबी मेली तर कुणाचं काय गेलं? तत्त्वज्ञ पीटर सिंगरनं १९७५ साली प्राण्यांच्या दुःखाबद्दल लिहिताना आपली नैतिक जबाबदारी कुठवर जाते याची एक रेष सुचवली होती, कोळंबी आणि कालव यांच्या मधे कुठेतरी. तो हिशोब धरला तर डॅफ्निया कोळंबीच्या बाजूला येतो. मला त्या वादात फार शिरायचं नाही. काचेवर धडधडणारं ते हृदय पाहिल्यापासून ‘काय गेलं’ असं मला सहज म्हणता येत नाही, पण डास मारताना मी क्षणभरही थांबत नाही. मावशीही संत नाहीत. वलगणीला त्या अंड्यांनी भरलेले मासेच धरतात, आणि त्यामुळे पुढच्या वर्षी मासे कमी होतात हे त्यांनाही कळतं. हल्ली त्या तसं बोलूनही दाखवतात.

तरी मावशींच्या मासे धरण्यात आणि माझ्या ‘फवारणी करता येईल’मध्ये मला फरक दिसतो. त्या ज्याला मारतात, त्याला पाहतात. तो त्यांच्या हातात तडफडतो. त्यांच्या करण्याचा तोटा झाला तर तो त्यांच्याच ताटात उतरतो. मी मात्र तीस सेकंदांत एक ओळ टाइप केली. तिचा तोटा झालाच तर तो मला कधी दिसणार नाही, माझ्या ताटात येणार नाही. माझं पाणी वैतरणेच्या धरणांतून नळाला येतं, गाळून, तपासून. मोखाड्याच्या डोंगरांतून वाहणारं पाणी मुंबईला मिळतं आणि एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याचे पाडे टँकरची वाट पाहतात, हे नवं नाही. धोक्याचंही तेच होणार असेल, म्हणजे निर्णय शहरातल्या स्क्रीनवर आणि परिणाम खाचरात, तर त्या खाचरातल्या जिवाला वेदना होते की नाही हे ठरवण्याआधीच मी उत्तर द्यायला बांधील आहे. मावशींना न विचारता त्यांच्या वतीनं मी धोका पत्करला. अन्याय व्हायला तेवढं पुरतं. पुढे इजा झाली की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

१९९२ साली, वावर-वांगणीच्याच वर्षी, ब्राझीलमधल्या रिओ इथे पृथ्वी परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यातलं पंधरावं तत्त्व असं की गंभीर किंवा भरून न येणारी हानी संभवत असेल तर शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर उपाय लांबवू नयेत. १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हे सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानलं, आणि आपलं काम अपायकारक नाही हे दाखवायची जबाबदारी ते काम करणाऱ्यावर टाकली. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही ते तत्त्व आहे.

आम्हा इंजिनिअरांना हे तत्त्व भित्रेपणाचं वाटतं. सगळं सिद्ध होईपर्यंत थांबलो तर काहीच बाजारात येणार नाही, असं आम्ही म्हणतो, आणि झिंकच्या गोळीचं उदाहरण डोळ्यांसमोर असताना ते म्हणणं फेटाळताही येत नाही. थांबण्याचीही किंमत असते आणि तीही बहुतेकदा मोखाड्यातलं मूलच मोजतं. पण मला ते तत्त्व ‘थांबा’ असं सांगत नाही. ते फक्त विचारतं की शंका असेल तेव्हा ती कुणाच्या अंगावर टाकायची. आज ती आपोआप खालच्या अंगाला वाहत जाते, उतारावरच्या पाण्यासारखी. मावशींनी सिद्ध करायचं की खेकडे कमी झाले, ते याच फवारणीनं झाले, पावसामुळे किंवा वलगणीत जास्त धरल्यामुळे नाही. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा, ना मागच्या वर्षीचा आकडा. आमच्याकडे सर्व्हर आहेत.

मी काय केलं ते सांगतो, मोठं काही नाही. बंद केलेली नोंद पुन्हा उघडली. मॅनेजरना वलगण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते कोकणातले, त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं. तरी म्हणाले, ‘‘अरे, प्रत्येक खाचराला पाणी धरलं तर भाताच्या पट्ट्यात ड्रोन उडणारच नाही. क्लायंट काय म्हणेल?’’ तेही खरं होतं. शेवटी दोन गोष्टींवर आम्ही आलो. एक, मेसेज बदलायचा. ‘जलस्रोत आढळला नाही’ काढून ‘आमच्या नकाशात इथे जलस्रोताची नोंद नाही’ असं लिहायचं. म्हणजे लपलेला माणूस वाक्यात परत येतो. दोन, त्याखाली एक प्रश्न विचारायचा : या शेतात पाणी उभं राहतं का, आणि त्यात कुणी मासे-खेकडे धरतं का? उत्तर ‘हो’ आलं तर पाणी उभं असताना धातूची द्रव्यं यादीत दिसणार नाहीत. पहिली गोष्ट एका दिवसात झाली. दुसरी अजून चर्चेत आहे, कारण प्रश्न वाढला की फॉर्म अर्धवट सोडणारे वाढतात.

मधल्या सुट्टीत मी पाड्यावर गेलो होतो. मे संपत आला होता, खाचरं तडकलेली, बांधावर राबासाठी आणून ठेवलेल्या पालापाचोळ्याचे ढीग. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. ‘‘गुरुजींचा पोर आला,’’ म्हणून त्यांनी आतून चहा आणवला. मी फोन काढून अ‍ॅप दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. मग विचारलं, ‘‘मावशी, तुम्हाला कुणी विचारलं, या शेतात पाणी आहे का, तर काय सांगाल?’’

त्यांनी समोरच्या तडकलेल्या खाचराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘कवाचं विचारतो?’’

मी परत आल्यावर नोंदीत तिसरा मुद्दा घातला. प्रश्नाच्या पुढे महिना निवडायची सोय हवी. नोंद अजून उघडी आहे.